दोन जावई, नऊ खटके

चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध लिफ्ट अडकली, आतल्या बाई दार बडवायला लागल्या, वॉचमन हातपाय गाळून बसला, इथपर्यंत थोरल्यांची गोष्ट आली होती. आता पुढे ते स्वतः शिडी लावून वर चढणार, नुसत्या हातानं ब्रेक सोडवणार आणि बाईंना अलगद खाली आणणार. तेवढ्यात सासऱ्यांनी जेवता जेवता मान वळवली.

"डॉक्टर, विमान कुठवर आलं?"

झालं. सगळं टेबल डॉक्टरांकडे वळलं. त्या बाई लिफ्टमध्येच राहिल्या.

थोरले म्हणजे त्या घरचे थोरले जावई. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ते सुपरवायझर होते. माणसं वर नेणं हाच त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. आजवर कित्येक हजार माणसं त्यांनी वर नेली असतील, पण सासुरवाडीत कुणी कधी "लिफ्ट कुठवर आली?" असं विचारलं नव्हतं. धाकटे जावई दातांचे डॉक्टर. त्यांनी बाहेरून सुट्या भागांची खोकी मागवून घरामागच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान जोडायला घेतलं होतं, आणि ते अजून जमिनीवरून वीतभरही उचललं गेलं नव्हतं. तरी सासरे त्याची चौकशी अशी करत, जशी बाळंतिणीची करावी.

"पंख बसले, बाबा," डॉक्टर नम्रपणे म्हणाले. हा नम्रपणा थोरल्यांना सगळ्यात जास्त झोंबायचा. माणसानं फुशारकी मारली तर निदान मनातल्या मनात चार शिव्या तरी देता येतात.

"पंख बसले!" सासूबाईंनी डॉक्टरांच्या ताटात न मागता वाढलं. "आणि आमच्या ह्यांना साधी खुंटी बसवता येत नाही."

"विमान म्हणजे तरी काय हो," थोरले हसत म्हणाले, "लिफ्टच ती. फक्त दोर नाही."

कुणी हसलं नाही. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. वर्गात मागच्या बाकावरून आवाज आल्यावर पाहायचे, तसं त्यांनी थोरल्यांकडे पाहिलं.

घरी जाताना बायको सिग्नलला थांबल्या थांबल्या म्हणाली, "धाकटीच्या नवऱ्यानं विमान बांधलं. तुम्ही काय बांधलंत हो आजवर?"

"तुझ्या आईच्या बाल्कनीला जाळी बांधून दिली ना मी."

"ती सुटली."

सिग्नल सुटला, म्हणून विषय तिथेच राहिला.

पुढच्याच आठवड्यात मेहुणीचा फोन आला. आवाज रडवेला होता. "भाऊजी, रविवारी येता का जरा? ह्यांनी बटणं बसवलीत, पण पंखावरचा दिवा लावला की पेट्रोलचा पंप सुरू होतो. पंप बंद केला तर रेडिओ बोलायला लागतो. हे दोन दिवस जेवले नाहीत."

थोरल्यांच्या मनात कारंजं उडालं. ते लपवण्यासाठी ते बराच वेळ खोकले. मग गंभीर आवाजात म्हणाले, "हं. बघतो. रविवारी तसं मला काम आहे, पण घरचंच माणूस म्हटल्यावर..." रविवारी त्यांना काहीही काम नव्हतं. नऊ वाजता निघायचं म्हणून ते सात वाजताच बूट घालून बसले होते.

शेडचं दार सरकलं आणि थोरल्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं होतं, जत्रेतल्या पाळण्यासारखं काहीतरी पत्र्याचं असेल. पण समोर खरंखुरं विमान उभं होतं. पांढरंशुभ्र, अंगाला एक ओरखडा नाही, नाक वर करून, जणू आत्ता निघणार. नव्या रंगाचा वास येत होता. थोरल्यांनी पंखावरून हात फिरवला आणि पोटात कुठेतरी बारीकशी कळ आली. सकाळी काहीच खाल्लं नव्हतं, तेव्हा ती भुकेची असावी अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली.

"छान आहे," ते म्हणाले. "जरा लहान वाटतं, नाही?"

"दोघांचंच आहे, दादा." डॉक्टर खाली मान घालून म्हणाले. "या, आतलं बघा. मला लाज वाटते दाखवायला."

आतलं पाहिल्यावर मात्र थोरल्यांची कळ एकदम थांबली. समोरच्या पट्टीवर नऊ छोटे दांडीचे खटके एका ओळीत बसवले होते, करंगळीच्या पेराएवढे. पुढून बघावं तर दागिना. मागे वाकून बघावं तर तारांचा असा गुंता, की मांजरीनं लोकरीचा गुंडा घेऊन रात्र काढावी. आणि त्यातही डॉक्टरांनी प्रत्येक जुडगा दातांत घालायच्या दोऱ्यानं बांधला होता. पुदिन्याचा वास येत होता.

"हा दोरा तुम्ही वापरलात?"

"मजबूत असतो," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी दात तपासायचा लांब दांड्याचा आरसा पुढे केला. "ह्यानं मागचं दिसतं."

थोरल्यांनी आरसा आत घातला, टॉर्च मारला आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. तो आवाज डॉक्टर स्वतः रोज पेशंटसमोर काढत असत. त्याचा अर्थ त्यांना चांगला ठाऊक होता.

"काढावं लागेल का सगळं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"मुळापासून. हे बघा डॉक्टर, ह्या खटक्याचं असं असतं. बाहेर दांडी वर केली, की आतला पत्रा खाली टेकतो. म्हणजे वर केल्यावर चालू व्हायला हवं, तर तार खालच्या खिळ्याला लावायची. तुम्ही लावलीत वरच्या. त्यामुळे बंद केलं की चालू, चालू केलं की बंद. त्यात दिव्याची तार पंपाला, पंपाची रेडिओला."

"म्हणजे दुखतंय वरच्या दाढेत आणि मी उपटली खालची."

"तुम्ही नऊच्या नऊ उपटल्यात."

हे वाक्य बोलताना थोरल्यांना जे सुख झालं, ते त्यांना बढतीच्या दिवशीही झालं नव्हतं.

मग पुढचे सगळे रविवार थोरल्यांचे शेडमध्ये जाऊ लागले. एकेक तार मापून कापायची, टोक सोलायचं, त्यावर पितळी टोपी दाबून बसवायची, ओढून बघायची. आत हात शिरायला जागा नाही, तेव्हा उताणं पडून, मान सीटखाली आणि पाय विमानाबाहेर, अशा अवस्थेत काम चालायचं. मेहुणी चहा आणून त्यांच्या पायांशी बोलायची. डॉक्टर बाजूला उभे राहून टॉर्च धरायचे आणि हवं ते हत्यार मागण्याआधी हातात द्यायचे, तेही पेशंटपाशी उभ्या राहणाऱ्या नर्ससारखं, दांडा पुढे करून.

थोरल्यांनी एक सुधारणाही केली. डॉक्टरांच्या नकाशात खटक्यांचा क्रम कसाही लावलेला होता. थोरल्यांनी तो आपल्या हिशेबानं बदलला. जे आधी लागतं ते हाताजवळ, जे नंतर ते लांब, लिफ्टच्या पॅनलसारखं. खटक्यांखाली चिकटवायची छापील लेबलं डॉक्टरांनी एका पाकिटात घालून त्यांच्याकडेच दिली होती. ती लावताना क्रम बदलल्याचं सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. थोरले आत बसून खटके वर करत, डॉक्टर बाहेरून बघत. दिवे लागले, पंप गुणगुणला, प्रत्येक खटका आपापलं काम करायला लागला. काय सांगावं, थोरल्यांना ते विमान थोडंसं आपलंही वाटायला लागलं. ऑफिसात त्यांनी दोघांना सांगूनही टाकलं, "आमच्या विमानाचं वायरिंग चालू आहे."

आणि नेमक्या त्याच आठवड्याच्या रविवारी सासरे आणि सासूबाई विमान बघायला आले.

सासऱ्यांना डॉक्टरांनी हात धरून आत बसवलं. त्यांनी चष्मा वर केला, पुढे वाकले, एक खटका वर केला. टक्. आवाज असा झाला, की महागडं घड्याळ लाजावं. मग त्यांनी आरशातून मागच्या तारा पाहिल्या. सरळ, समांतर, वर्गातली मुलं रांगेत उभी राहावीत तशा.

"वा!" सासरे म्हणाले. "वा, वा! काय बारीक काम आहे! हे दातांच्या डॉक्टरलाच जमावं. हातात कला आहे तुमच्या, डॉक्टर."

थोरले पंखापाशी उभे होते. त्यांनी नम्र चेहरा तयार केला. आता डॉक्टर म्हणतील, "छे हो, बाबा, हे सगळं दादांचं." मग आपण म्हणू, "अहो, त्यात काय एवढं." सगळं मनात जुळवून ते वाट पाहत राहिले.

डॉक्टरांनी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. आणि म्हणाले, "दादांचीही मदत झाली."

"हो ना," सासूबाई म्हणाल्या. "टॉर्च धरायलासुद्धा माणूस लागतंच की."

थोरल्यांचा तयार केलेला नम्र चेहरा चेहऱ्यावरच आंबला. टॉर्च! टॉर्च डॉक्टरांनी धरला होता! त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती सासूबाईंना पंखावरचा दिवा दाखवत होती. मेहुणीकडे पाहिलं, तर ती चहाच्या कपांत साखर ढवळत होती. डॉक्टर मात्र त्यांच्याकडे बघत नव्हते, टायरमधली हवा बघत होते. हवा भरपूर होती.

खिशात लेबलांचं पाकीट होतं. थोरल्यांचा हात त्यावर गेला आणि तिथेच थांबला. एक विचार आला. विचार तसा निरुपद्रवी होता. पुढच्या रविवारी विमान फ्लाइंग क्लबच्या मैदानावर न्यायचं होतं, तिथे तपासनीस येणार, सगळं घर जमणार. लेबलं नसली तर कुठला खटका कशाचा हे डॉक्टरांना काय कळणार? क्रम तर आपण बदललेला. चारचौघांत त्यांना हाक मारावीच लागेल, "दादा, जरा या." मग आपण सावकाश जाऊ. रुमालानं हात पुसू. आणि सासऱ्यांदेखत एकेका खटक्यावर बोट ठेवून सांगू. बस, एवढंच. कुणाचं काही बिघडत नाही.

"लेबलं राहिली ना, दादा?" निघताना डॉक्टरांनी विचारलं.

"बघू की," थोरले म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

तो आठवडा त्यांचा फार सुखात गेला. "दादा, जरा या," हे वाक्य त्यांनी मनात निरनिराळ्या आवाजांत ऐकलं. सगळ्यांत त्यांना काकुळतीचा आवडला.

रविवारी मैदानावर पोचले तेव्हा विमान उन्हात झगमगत होतं. चाकांना ठोकळे लावले होते. सासरे टाय बांधून आले होते. तपासनीस म्हणजे एक सुकट, अबोल गृहस्थ. त्यांनी नमस्काराला नुसती मान हलवली. थोरले रुमाल खिशात आहे ना हे चाचपत विमानापाशी गेले, आत डोकावले आणि त्यांच्या पायांखालची जमीन सरकली.

नऊही खटक्यांखाली लेबलं होती. नवी, छापील, काटेकोर चिकटवलेली. आणि टोकाचं सोडलं तर एकही आपल्या जागी नव्हतं. डॉक्टरांनी जुना नकाशा समोर ठेवून स्वतःच नवी छापून लावली होती. बॅटरी आठवडाभर चार्जिंगला दवाखान्यात, म्हणजे लावून बघायचा प्रश्नच नव्हता.

थोरल्यांना घाम फुटला. त्यांनी डॉक्टरांची बाही धरली. "डॉक्टर, जरा बाजूला येता? बोलायचंय."

"नंतर, दादा. साहेब बसताहेत आत."

"अहो, पण ती लेबलं..."

"लावली मी. तुम्हाला त्रास नको म्हटलं." डॉक्टर हसले. त्या हसण्यात असं काहीतरी होतं, की थोरल्यांच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला. पण विमान म्हणजे काही बाल्कनीची जाळी नव्हे. ते सासऱ्यांकडे धावले. "बाबा, एक मिनिट, त्यांना थांबवा."

"जरा मागे उभे राहा," सासरे हलक्या आवाजात दटावून म्हणाले. "काम चाललंय." आणि ते स्वतः विमानाच्या मागच्या अंगाला जाऊन पंखाच्या कडेला पाठ टेकून, हाताची घडी घालून उभे राहिले.

आत तपासनिसांनी लाल मास्टर खटका वर केला. तो टोकाला होता, त्याची जागा बदललेली नव्हती. सुया हलल्या. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या.

"रेडिओ," तपासनीस म्हणाले आणि खटका वर केला. रेडिओ गप्प. काच पुसायच्या हवेचा पंखा घोंगावत सुरू झाला आणि साहेबांची टोपी उडून मागच्या जागेत पडली.

"हवासुद्धा येते!" सासूबाईंनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"पंखा." पंखांच्या टोकांचे दिवे लखलखायला लागले.

"अग बाई, किती छान!"

साहेबांनी चष्म्यावरून डॉक्टरांकडे पाहिलं. पंखावर उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या कानशिलावरून घामाचा थेंब निघाला होता. "पेट्रोलचा पंप," साहेब म्हणाले. रेडिओ एकदम खणखणीत आवाजात कुणाला तरी धावपट्टी मोकळी करायला सांगू लागला. एक माणूस सायकलवरून चालला होता, तो घाबरून उतरला.

"थांबा!" थोरले ओरडले. "साहेब, पुढचा नका!"

पण पंखा घोंगावत होता, रेडिओ बोलत होता, सासूबाई टाळ्या वाजवत होत्या. साहेबांनी "उतरण्याचा दिवा" वर केला.

ती फ्लॅपची मोटर होती. विमान उतरताना पंखाच्या मागच्या कडेची झडप हळूहळू खाली झुकते, ती झडप. आणि सासरे नेमके तिलाच टेकले होते. मोटर गुणगुणली. झडप झुकू लागली. सासऱ्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ गेला. हाताची घडी तशीच, टाय तसाच, चेहऱ्यावरची मुख्याध्यापकी तशीच, आणि सासरे संथपणे, अतिशय सन्मानानं खाली खाली येत, पाय पुढे पसरून गवतावर बसले.

सासूबाईंच्या टाळ्या थांबल्या.

साहेबांनी एकेक खटका बंद केला. शेवटी लाल. शांतता झाली. मग ते खाली उतरले, टोपी झटकली आणि त्या दिवसातलं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य बोलले. "हे वायरिंग कुणी केलंय?"

आणि आठवडाभर थोरले ज्या क्षणाची वाट पाहत होते, तो आला. सगळ्या घरानं एका दमात त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"ह्यांनी!" सासूबाई म्हणाल्या. "सगळं ह्यांनीच. महिनाभर शेडमध्येच पडून होते."

"मी तेव्हाच म्हणत होते, लिफ्टमधलं काही इथे लावू नका," बायको म्हणाली. ती असं कधीच म्हणाली नव्हती.

सासरे गवतावरून म्हणाले, "तरीच!"

थोरल्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. साहेबांची नजर त्यांच्यावर होती. त्यांच्या तोंडून आवाज निघाला तो त्यांच्या ओळखीचा नव्हता.

"मी? मी फक्त टॉर्च धरला होता."

हे ऐकून साहेब डॉक्टरांकडे वळले. डॉक्टर पंखावरून खाली उतरले. क्षणभर त्यांनी थोरल्यांकडे पाहिलं, आणि थोरल्यांना वाटलं, आता हे बुवा आपल्याला इथेच गवतात पुरणार.

"वायरिंग दादांचं," डॉक्टर म्हणाले. "एकूण एक तार. टॉर्च मी धरला होता. आणि लेबलं मी लावली. त्यांना न विचारता."

 साहेबांनी तो लांब दांड्याचा आरसा मागून घेतला आणि खटक्यांच्या मागे बराच वेळ डोकं घालून बसले. दोन-चार तारा ओढून पाहिल्या. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "ज्यानं तारा जोडल्या त्याला काम येतं. ज्यानं लेबलं लावली त्याला नुसतं वाचता येतं." मग घड्याळ पाहिलं. "लेबलं नीट छापून घ्या. मी आता बाहेरगावी जातोय. दोन महिन्यांनी आलो की बघू."

दोन महिने! डॉक्टरांचा चेहरा असा उतरला, की इतक्या वर्षांत तो उतरलेला बघण्याची इच्छा बाळगून असलेल्या थोरल्यांनाही बघवेना. मेहुणीनं पदराचं टोक चावायला घेतलं. थोरल्यांचा हात खिशाकडे गेला. तिथेच थांबला. मग त्यांनी मनातल्या मनात स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली आणि पाकीट बाहेर काढलं.

"साहेब, लेबलं आहेत. पंधरा मिनिटं द्या, लावून देतो."

डॉक्टरांनी पाकीट ओळखलं. "ही तुमच्याकडे होती?"

"खिशात राहिली बहुतेक. त्या दिवशीचा शर्ट आहे ना हा."

"तो शर्ट मी मंगळवारी धुतला," बायको म्हणाली.

 साहेब पाठ करून उभे राहिले, ते थर्मासमधला चहा ओतून घ्यायला, असं निदान दाखवत तरी होते.

दोघं साडू विमानात शेजारी शेजारी बसले. थोरले एकेक खोटं लेबल नखानं उचकटत होते, डॉक्टर खरं लेबल चिमट्यानं देत होते.

"त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, दादा," डॉक्टर पुटपुटले. "बाबा म्हणाले ना, हातात कला आहे... माझ्याबद्दल ते असं पहिल्यांदाच म्हणाले. एरवी आमच्याकडे येतात तेव्हा तुमचंच कौतुक. थोरले किती धीराचे, अडकलेली माणसं सोडवतात. आणि डॉक्टरांकडे माणूस धडधाकट जातो, येतो तो गाल धरून."

थोरल्यांचं नख थांबलं. "असं म्हणतात ते? माझ्यामागे?"

"दर वेळी. मी विमान घेतलं ते तरी कशाला?"

"मग माझ्यासमोर का नाही म्हणत?"

"माझंही माझ्यासमोर कुठे म्हणत होते, विमान येईपर्यंत?"

थोरल्यांनी पुढचं लेबल उचकटलं. "लेबलं मी मुद्दाम ठेवली होती," ते शेवटी म्हणाले.

"कळलं मला ते. शर्ट मंगळवारी धुतला असं ताई म्हणाल्या ना, तेव्हाच." डॉक्टर हसायला लागले. "फिट्टंफाट, दादा."

खटके तपासले गेले. सगळे नऊ जिथल्या तिथे. या वेळी सासरे विमानापासून लांब, खुर्चीवर बसले होते.

पहिल्या उड्डाणाची परवानगी आली, पण त्यात एक मेख होती. डॉक्टरांचं उडवायचं शिक्षण अजून पुरं व्हायचं होतं, आणि नवं विमान पहिल्यांदा वर न्यायचं तर मुरलेला वैमानिक लागतो. तेव्हा क्लबच्या शिक्षिका आल्या. तिशीतल्या, केस कापलेल्या, गोळी चघळत. त्यांनी विमानाभोवती एक फेरी मारली, आत बसल्या, खटके वर केले आणि निघाल्या. विमान धावपट्टीवर पळालं, पळता पळता हलकं झालं, आणि चाकांखाली उजेड दिसायला लागला.

थोरल्यांनी डोळ्यांवर हात आडवा धरला. वर निळ्यात पंखांच्या टोकांना दोन दिवे लुकलुकत होते. ते दिवे त्यांचे होते. बाजूला डॉक्टर भोकाड पसरल्यासारखे रडत होते आणि दातांच्या दोऱ्याच्या कंपनीचं नाव छापलेल्या रुमालानं डोळे पुसत होते. थोरल्यांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला.

विमान घिरट्या घालून, अलगद उतरलं. आणि सगळं घर धावत सुटलं. सासरे पुढे, मागे सासूबाई, मागे दोघी बहिणी. चौघंही दोघा जावयांच्या अंगावरून असे गेले, जसे बसथांब्यावरच्या खांबाला वळसा घालून लोक बसकडे जातात.

"वा, बाई! वा!" सासऱ्यांचा आवाज आला. "काय उडवलंत! हातात कला आहे तुमच्या!"

"अहो, किती धीराच्या हो तुम्ही," सासूबाई म्हणाल्या. "रविवारी जेवायलाच या."

थोरले आणि डॉक्टर धावपट्टीच्या कडेला उभे राहून बघत राहिले.

"विमान मी बांधलं," डॉक्टर म्हणाले.

"खटके मी बसवले," थोरले म्हणाले.

"ह्यांनी काय केलं? बसल्या आणि उठल्या."

"त्यातही खटके मीच सोपे करून ठेवलेले. कुणालाही जमलं असतं."

"आणि बघा, गोळी चघळताहेत अजून. उद्या दाढ किडली की येतील माझ्याकडेच."

"तेव्हा जरा वेळ लावा."

"लावतो ना."

तेवढ्यात सासऱ्यांनी हात हलवला. "अहो, तुम्ही दोघं तिथे काय उभे? या, या! फोटो काढायचाय सगळ्यांचा!"

दोघांचे चेहरे खुलले. डॉक्टरांनी घाईघाईनं डोळे पुसले, थोरल्यांनी केसांवरून हात फिरवला, शर्ट खोचला, आणि दोघं लगबगीनं निघाले. पोचले तेव्हा सासरे वैमानिकबाईंच्या उजव्या हाताला छाती काढून उभे होते. त्यांनी आपला फोन पुढे केला.

"हा घ्या. तुम्ही काढा. आणि डॉक्टर, तुम्ही जरा ऊन अडवा, बाईंच्या डोळ्यांवर येतंय."

डॉक्टर हात पसरून उन्हात उभे राहिले. थोरल्यांनी फोन डोळ्यासमोर धरला, एक पाऊल डावीकडे सरकले, एक पुढे आले, आणि फार काळजीपूर्वक फोटो काढला. खात्रीसाठी आणखी एक काढला.

दोन्ही फोटो सुरेख आले. पंख टोकापर्यंत आले, दिवे आले, उघड्या दारातून नऊच्या नऊ खटके तर मोजून घ्यावेत इतके स्वच्छ आले. वैमानिकबाई फक्त पायांपासून हनुवटीपर्यंत आल्या.